नापास घराची शेवटची पाहणी

स्वतःच्या घराच्या दारात पाऊल ठेवतो तेव्हा माणूस खऱ्या अर्थाने माणूस होतो. हे वाक्य दलालाच्या कचेरीत, त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत रंगवलेलं होतं. त्या भिंतीला ओल आली होती आणि ती खालून वर चढत दुसऱ्या ‘माणूस’पर्यंत पोचली होती.

नापासरावांनी ती ओल पहिल्याच भेटीत हेरली. खुर्चीत बसण्याआधी भिंतीला बोट लावून पाहिलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, “ही आतून आहे.”

“होऊन जाईल,” दलाल म्हणाला.

हा गृहस्थ कशालाही ‘होऊन जाईल’ म्हणायचा. कर्ज मंजूर होईल का? होऊन जाईल. कागद स्वच्छ आहेत का? होऊन जाईल. त्या घरात वाळवी आहे का, असं विचारलं तेव्हाही त्याने हेच उत्तर दिलं. नापासराव त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. पण बाकीचे तीन दलाल फोनच उचलत नव्हते. हा निदान उचलून ‘होऊन जाईल’ म्हणत होता.

नापासराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. ते पंपाच्या झडपा बनवणाऱ्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसत. तयार झडप त्यांच्यापुढे आली की ते ती उलटीसुलटी करत, कडांवरून अंगठा फिरवत, उजेडाकडे धरत, आणि मग खिशातल्या भेंडोळ्यातून एक गोल लाल टिकली काढून तिच्यावर दाबत. टिकलीवर छापलेलं असे: नापास. कारखान्याचा नियम असा की एकदा टिकली लागली की ती झडप कारखान्याच्या लेखी मेली. खुद्द मालकालाही ती बाहेर पाठवता येत नसे. टिकली काढायचा अधिकार फक्त लावणाऱ्याला, आणि नापासरावांनी लावलेली एकही टिकली आजवर काढलेली नव्हती. तिचा गोंद मुद्दाम बनवून घेतलेला होता, तेलकट लोखंडालाही सोडत नसे.

घरीही माणूस तसाच. लग्न ठरवताना मुलगी कशी वाटली असं आईने विचारलं, तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून “चालेल” असं सांगितलं होतं. बायकोच्या माहेरी हे अजून विसरलेले नाहीत. बायको स्वतः एका दंतवैद्याच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची. दाढ धरून तणतणत आलेल्या माणसाला दहा मिनिटं गप्प बसवून ठेवणं हा तिचा व्यवसाय असल्यामुळे तिचा संसार टिकला, असं तिचा भाऊ म्हणे.

तर अशा माणसाने आयुष्यात पहिल्यांदा घर घ्यायचं ठरवलं. आणि आज खरेदीखतावर सही व्हायची होती.

आजच व्हायला हवी होती. भाड्याचं घर त्यांनी सकाळी सोडलं. खरं म्हणजे घराने त्यांना सोडलं, कारण ते शेवटची गादी गुंडाळत असतानाच नव्या भाडेकरूचा फ्रिज आत येऊन उभा राहिला होता. त्यांचं सगळं बिऱ्हाड ट्रकमध्ये भरून नव्या इमारतीच्या खाली आलं होतं आणि ट्रकवाला केबिनमध्ये पाय वर करून झोपला होता. सही झाली तर सामान वर जाणार. नाही झाली तर कुठे जाणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. ट्रकवाल्याला तर ते जाणूनही घ्यायचं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. मेहुण्याने दोन घरं घेतली होती, त्यामुळे त्याला बोलायचा अधिकार होता, आणि तो नसता तरी तो बोललाच असता.

“भाऊजी, एक लक्षात ठेवा. सही होईपर्यंत तुम्ही सगळ्यांचे साहेब. सही झाली की तुम्ही कोण? सहीच्या आधी घराची शेवटची पाहणी असते ना, तिच्यात काय ते बोलून घ्या. नंतर बोललात तर भिंतीशी बोलाल.”

“भिंत तरी आपली असेल,” मागून बायको म्हणाली.

“ताई, तू यांना शांत ठेव.”

“मी सुटीवर आहे उद्या,” बायको म्हणाली.

नापासरावांना मात्र हा सल्ला मनापासून पटला. शेवटची पाहणी. त्यांना वाटलं, जगाने अखेर त्यांच्या क्षेत्रात पाऊल टाकलं.

घर विकणाऱ्या बाईंना सगळी इमारत मावशी म्हणत असे. मावशी एकट्याच राहायच्या, आवाज मधाळ, केस पांढरेशुभ्र, आणि समोरचा पन्नाशीला टेकलेला असला तरी त्याला ‘बाळा’ म्हणायच्या. घर दाखवताना त्यांनी नापासरावांना खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं, खिडकीतलं झाड दाखवलं होतं. “घर नाही रे बाळा, माझा जीव विकतेय,” असंही त्या म्हणाल्या होत्या. मावशींनी जीव विकायला काढला होता, पण बाकीच्या वस्तूंचं काय, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

जिना चढून वर आले तेव्हा दाराशेजारी भिंतीतून दोन वायरी बाहेर आलेल्या होत्या, गोगलगाईच्या शिंगांसारख्या.

“मावशी, इथली घंटा?”

“कुठली रे घंटा, बाळा?”

“दारावरची. मागच्या वेळी मी वाजवली होती.”

“ती होय. ती माझ्या भावाने दिली होती मला.” मावशी रिकाम्या हॉलच्या मध्यभागी, उरलेल्या एकुलत्या एक खुर्चीवर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. खुर्ची उरलेली नव्हती, फक्त शेवटी जायची होती.

“आणि दाराला हे भोक? इथे काच होती. बाहेर कोण आलंय ते बघायची.”

“काच मी बसवून घेतली होती. माझ्या पैशाने. काच माझी.”

“आणि भोक?”

“भोक तुझं.”

दलाल हसला आणि नापासरावांनी त्याच्याकडे पाहिल्यावर खोकला.

आत बघावं तिकडे हाच प्रकार. बल्ब एकही नव्हता. (“मी घर विकलंय बाळा, उजेड नाही विकला.”) पडद्यांच्या दांड्या गेल्या होत्या, पण जाताना भिंतीचे लहान लहान लचके घेऊन गेल्या होत्या. न्हाणीघराच्या दारामागची खुंटीसुद्धा काढून नेलेली. स्वयंपाकघरातला भक्कम, पितळी, गोलाईने वळणारा नळ, ज्याकडे पाहून बायकोने हे घर पसंत केलं होतं, तो नव्हता. त्याच्या जागी पिवळट प्लास्टिकची एक तोटी होती आणि ती कुणी न फिरवताच वाहत होती.

बायको त्या तोटीकडे बघत उभी राहिली. तिच्या धंद्यात न बोलण्याचे प्रकार बरेच होते, आणि हा त्यातला वाईट प्रकार होता.

“मावशी,” नापासराव म्हणाले, “नळ.”

“त्या नळाचं आणि माझं फार वर्षांचं आहे रे.”

“मावशी, कुणी जाताना नळ नेतं का?”

“मग काय ठेवून जाऊ? उद्या तू गरम पाणी सोडशील त्यातून. त्याला सवय नाही.”

नापासरावांचा संताप हा आवाज चढणारा संताप नव्हता. उलट त्यांचा आवाज बसायचा आणि हात चालू लागायचे. त्यांचा उजवा हात त्यांना न विचारता खिशात गेला. कारखान्यातून येताना कोटाच्या खिशात भेंडोळं तसंच राहिलं होतं. त्यांनी एक लाल टिकली काढली आणि तोटीवर दाबली. नापास.

मग त्यांना आतून बरं वाटलं, आणि इथेच घोटाळा झाला. पुढचा अर्धा-पाऊण तास त्यांनी ते घर झडप तपासावी तसं तपासलं. खिडकीची कडी लागत नाही: टिकली. झोपायच्या खोलीचं दार खाली घासतं: टिकली. न्हाणीघराची भिंत हाताला गार लागते, टिचकी मारली की पोकळ वाजते: शेजारी शेजारी दोन. फरशीचा एक तुकडा पायाखाली डुगडुगतो. कपाटाची बिजागरी ढिली. हॉलच्या भिंतीवर छतापासून खाली आलेली एक केसाएवढी भेग, तिला त्यांनी वर एक आणि खाली एक अशा दोन टिकल्या लावल्या, म्हणजे भेग कुठून कुठे जाते ते नीट कळावं. दारातल्या भोकाभोवती लावली. जिथे खुंटी नव्हती तिथेही लावली.

“साहेब, हे काय?” दलालाने विचारलं.

“पद्धत,” नापासराव म्हणाले.

मावशी उठून एक फेरी मारून आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा मध आटला होता. “गोवर आणलास तू माझ्या घराला,” त्या म्हणाल्या. “चांगलं धडधाकट घर. गोवर आणलास.”

“एकेक टिकली निघेल, मावशी. दुरुस्त झालं की काढतो. सहीच्या आधी.”

“नाहीतर?”

“नाहीतर सही नाही.”

खाली ट्रक उभा असताना हे बोलायला काळीज लागतं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. पण आता मावशी घाबरल्या. त्यांनाही आजच पैसे हवे होते, भावाच्या गावी त्यांचं दुसरं घर ठरलेलं होतं. त्यांनी पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. “लावते,” त्या म्हणाल्या. “नळ लावते, घंटा लावते, काच लावते. त्या भिंतीचंही करून देते. तुझा जीव शांत होऊ दे.” दलालाने ते एका कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं, मावशींनी खाली सही केली आणि दलाल प्लंबरला फोन लावू लागला. होऊन जाईल, असं तो प्लंबरच्या वतीने आधीच म्हणाला.

नापासराव खिडकीपाशी उभे राहिले. एवढ्या वर्षांत कारखान्याबाहेर त्यांच्या टिकलीला कुणी विचारलं नव्हतं. आज एका म्हाताऱ्या, मधाळ, नळ पळवणाऱ्या बाईने तिच्यापुढे मान तुकवली होती. त्यांना वाटलं, जगाची एकंदर रचना इतकीही वाईट नसावी.

तेवढ्यात बायको हळूच म्हणाली, “अहो, दारात कुणीतरी आहे.”

दारातल्या भोकातून एक डोळा आत बघत होता. घंटा नसल्यामुळे त्याला दुसरा इलाज नव्हता.

दलालाने फोन खाली केला, डोळा ओळखला आणि कुजबुजला, “बँकेचा व्हॅल्युअर. किंमत ठरवणारा. मागच्या आठवड्यातही येऊन गेलाय. कर्ज सोडायच्या आधी शेवटची नजर टाकायला आला असणार.” मग त्याची नजर हॉलच्या भिंतीवर गेली, तिथून दारावर, तिथून कपाटावर. सगळीकडे लाल, सगळीकडे नापास. “साहेब, याने जर हे बघितलं ना…”

“तर काय?”

दलालाने तोंड उघडलं. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच तो ‘होऊन जाईल’ म्हणाला नाही.

मग जे व्हायचं ते फार झटपट झालं. बायको तडक झोपायच्या खोलीत गेली आणि तिच्या नखांचा खर्र खर्र आवाज सुरू झाला. नापासराव भेगेवरच्या खालच्या टिकलीला पाठ लावून उभे राहिले. वरची टिकली त्यांच्या डोक्याच्या बरीच वर होती. मावशी खुर्चीवर जाऊन बसल्या आणि पर्स मांडीवर घेऊन त्यांनी डोळे अर्धे मिटले. दलालाने दार उघडलं.

व्हॅल्युअर हा बारीक, वाकलेला, खांद्याला झोळीसारखी बॅग लावलेला माणूस होता. “जरा येऊ का?” तो म्हणाला. “जरासं बघायचं होतं.”

“या ना, या,” नापासराव म्हणाले. स्वतःचा इतका गोड आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

व्हॅल्युअर आत आला. भिंतीवरच्या वरच्या टिकलीकडे मान वर करून बघत राहिला. “नापास,” त्याने मोठ्याने वाचलं, दुकानाची पाटी वाचावी तसं.

“त्या खुणा आहेत,” नापासराव म्हणाले. “सामान कुठे लावायचं त्याच्या.”

“छताजवळ?”

“घड्याळ.”

“नापास?”

“म्हणजे तिथे घड्याळ नको, असं ठरलं.”

“हं,” व्हॅल्युअर म्हणाला.

‘हं’ हे बँकेच्या माणसाच्या तोंडून आलेलं अक्षर फार वाईट. त्याला तळ नसतो. व्हॅल्युअर पुढे सरकला. त्याने भिंतीतलं कपाट उघडलं, खालच्या फळीपर्यंत वाकून पाहिलं, हात घालून मागपर्यंत चाचपलं आणि नाक वर करून वास घेतला. मग दुसरं कपाट. मग स्वयंपाकघराचा ओटा, खालून. तिथेही त्याने वास घेतला.

नापासराव त्याच्या मागे मागे. “ओल नाहीये हो तिथे.”

“नाही ना?”

“अजिबात नाही. बिजागरी ढिली आहे, पण ती मुद्दाम. घट्ट बिजागरी लवकर मोडते.”

“हं. आणि वरचा माळा? तिथे काही आहे?”

“रिकामा आहे.”

“अगदी रिकामा?” व्हॅल्युअरचा चेहरा पडला. त्याने टाचा उंचावून बघितलं. मग तो न्हाणीघराकडे वळला.

न्हाणीघर ही खरी भीती होती. ती दोन टिकल्यांची पोकळ भिंत. नापासरावांनी पुढे होऊन दोन्ही टिकल्यांवर एकेक तळहात टेकला आणि पोलिसांनी पकडलेल्या माणसासारखे भिंतीला लागून उभे राहिले. व्हॅल्युअरने आत डोकावलं, कोनाडे पाहिले, आणि लांब, शोधक श्वास घेऊन नाक मुरडलं.

“वास येतोय का कसला?” त्याने विचारलं.

आणि नापासरावांच्या आत काहीतरी तुटलं.

“कसला वास?” ते म्हणाले. आवाज बसला होता, म्हणजे काम गंभीर होतं. “नाही, सांगाच तुम्ही. कसला वास येतोय तुम्हाला? आल्यापासून बघतोय, कपाटात नाक, ओट्याखाली नाक. माणसं राहिली आहेत हो या घरात. वास येणारच. तुमच्या बँकेत येत नाही? ही भिंत गार आहे, कारण ती सावलीच्या बाजूला आहे. पलीकडची बघा, दिवसभर उन्हात असते, तिला हात लावा. ते झोपायच्या खोलीचं दार घासतं म्हणे. घासणारच. ते लाकूड आहे. खरं, सणसणीत लाकूड. फुगतं, आकसतं, त्याला जीव आहे. हल्ली पुठ्ठ्याची दारं लावतात, ती नाही घासत. ती भेग? भेग गिलाव्यात आहे, भिंतीत नाही. मी वीस वर्षं भेगाच बघतोय, मला विचारा. भिंतीतली भेग रुंद होत जाते, ही वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे. या घराच्या भिंती बघा केवढ्या जाड आहेत. खिडकी उघडा, झाड आहे. स्वयंपाकघरात सकाळचा उजेड येतो, बल्बची गरजच नाही. कुठे काय वाईट आहे यात? एक गोष्ट दाखवा मला. एक.”

झोपायच्या खोलीतला खर्र खर्र आवाज थांबला होता. बायको दारात येऊन उभी होती, नखांत लाल कपटे, आणि नवऱ्याकडे असं बघत होती की जणू हा माणूस आज सकाळीच ट्रकमधून उतरलाय. तिच्यामागच्या दारावर जिथून टिकली निघाली होती तिथून रंगाचे पापुद्रेही निघाले होते. आतापर्यंत त्या दाराच्या रंगाला तरी कसलाच दोष नव्हता.

व्हॅल्युअर दोन पावलं मागे सरला. “नाही हो, नाही. घर चांगलं आहे. मी कुठे काय म्हणालो?” बॅग छातीशी धरून तो दारापर्यंत गेला, तिथे घुटमळला, काहीतरी बोलायला वळला, नापासरावांचा चेहरा पाहिला आणि न बोलता जिना उतरला.

सगळ्यांनी श्वास सोडला. दलाल म्हणाला, “होऊन जाईल,” आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले होते.

मावशींनी डोळे उघडले. त्या उठल्या, दलालाच्या हातातला तो पाठकोरा कागद घेतला, आपली सही चष्म्याजवळ नेऊन वाचली आणि कागदाचे शांतपणे चार तुकडे केले.

“मावशी, अहो, हे काय?”

“आता कशाला हा? तूच म्हणालास ना आत्ता. काही वाईट नाही म्हणालास. बँकेच्या माणसासमोर. बल्बची गरज नाही म्हणालास. मला इतकं छान सांगता आलं नसतं रे माझ्या घराबद्दल.”

“ते मी त्यांना सांगत होतो.”

“म्हणजे खोटं सांगत होतास?” मावशींचा मध परत आला होता. “बँकेला? मग बोलावू का त्यांना परत? जिन्यातच असतील अजून. सांगू, की बाळाचं मत बदललंय, नळ नापास आहे, भिंत नापास आहे?”

नापासरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. खाली ट्रकवाला जागा झाला होता आणि घड्याळ बघत होता.

“चला,” बायको म्हणाली. “सही करून येऊ.”

“पण नळ…”

“अहो, चला.”

निघताना मावशींनी खुर्ची उचलून दलालाच्या हातात दिली.

नोंदणी कार्यालयात जे झालं त्याचं वर्णन करावं असं त्यात काही नाही, आणि राग याचाच यायला हवा. माणूस आयुष्यभराची मिळकत घेऊन तिथे जातो आणि त्याला ‘तिकडे उभे राहा’ असं सांगतात. तिकडे उभा राहिला की ‘इकडे कोणी उभं राहायला सांगितलं’ असं विचारतात. खरेदीखत वाचून दाखवणारा कारकून ते असं वाचत होता की मधल्या सगळ्या शब्दांचं एकच लांब नाव तयार होत होतं. त्यातून फक्त एक वाक्य वेगळं ऐकू आलं, कारण ते दलालाने मावशींच्या सांगण्यावरून आत्ताच घालून घेतलं होतं: खरेदीदाराने घर स्वतः तपासले असून त्याची कोणतीही तक्रार नाही.

“बरोबर?” कारकुनाने विचारलं.

वीस वर्षं झडपा तपासणारा हात पेन धरून थांबला. मागे रांग होती. रांगेतला एक जण म्हणाला, “साहेब, घरी जाऊन विचार करा की.” त्याला काय ठाऊक, की घरी जायलाच हे चाललं होतं.

“चालेल,” नापासराव म्हणाले आणि त्यांनी सही केली. मग प्रत्येक पानावर केली. मग अंगठा दिला. मग कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं तेव्हा बघितलं. त्या फोटोत त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आहे, तसा कारखान्यात लाल टिकली लागलेल्या वस्तूचा असतो.

सही झाली आणि मेहुण्याचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. मावशींनी किल्ली दिली, किल्लीची साखळी काढून घेतली, “सुखी राहा” म्हणाल्या आणि भावाच्या गाडीत बसून गेल्या. दलालाला दुसरा फोन आला. तो “होऊन जाईल” म्हणत म्हणत दाराबाहेर गेला आणि परत आलाच नाही.

राहिली ती बँकेची बाई. ती मावशींचा धनादेश देऊन आपले कागद फायलीत लावत होती. नापासरावांना वाटलं, आता तरी विचारायला हरकत नाही.

“व्हॅल्युअर साहेबांचं काही म्हणणं नाही ना? सकाळी जरा बोलाचाली झाली. आजचा अहवाल…”

“कसला आजचा?” बाई मान वर न करता म्हणाली. “अहवाल मागच्या आठवड्यातच आलाय. त्याच्यावरच तर कर्ज सुटलं.”

“मग आज सकाळी ते घरी आले होते ते?”

“आज? आज ते रजेवर आहेत.”

नापासराव आणि बायको नव्या इमारतीत परत आले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. ट्रकवाला फरफटत एक कपाट खाली उतरवत होता आणि उशीर झाल्याबद्दल जे जे बोलायचं ते बोलत होता. वर, त्यांच्या दारासमोरच्या पायरीवर, गुडघ्यावर बॅग ठेवून व्हॅल्युअर बसला होता. त्यांना बघून तो घाईने उठला.

“सकाळी विचारायला धीर झाला नाही,” तो म्हणाला. “तुम्ही फार चिडला होतात. आणि त्या बाईही होत्या, त्यांच्यासमोर नको वाटलं. बँकेला कळलं तर बरं दिसत नाही.”

“काय?” नापासराव म्हणाले.

“मागच्या आठवड्यात मोजमाप करताना उशीर झाला, म्हणून इथेच जेवून घेतलं. तेव्हा डबा राहिला.”

बायकोने किल्ली लावून दार उघडलं. तिघांनी मिळून सगळीकडे पुन्हा बघितलं. डबा घरात नव्हता.